पिकू दिलेली मिरची

आमच्या घरात ढोबळी मिरची म्हणजे हिरवीच. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बिऱ्हाड उचलून इकडे आली. माझे बाबा त्यांतलेच. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ढोबळी मिरची हिवाळ्यात यायची आणि दोनच रूपांत ताटात पडायची: बेसन पेरून, नाहीतर दाण्याचा कूट आणि चिंचेचा कोळ घालून भरलेली. खमंग बेसन आणि जरासा कडवटपणा, ही त्या भाजीची चव. मिरची कच्ची तोडतात म्हणून कडवट लागते, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात येत होता!

पिवळी भेटली ती महाराणा प्रताप नगरात. माझं ऑफिस झोन दोनमध्ये होतं. 2010 मध्ये डीबी मॉल उघडला, तेव्हा तिथल्या भाजीच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पिवळी-लाल जोडी दिसायची. लोक किंमत वाचायचे आणि पुढे सरकायचे. पुढे कोचिंगच्या पोरांमुळे गल्लोगल्ली पिझ्झा आणि नूडल्सच्या गाड्या लागल्या, तशी ती जोडी भाजीच्या हातगाडीवरही आली.

ती इतकी महाग का, याचं उत्तर तळेगाव दाभाडेकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये मिळालं. सुतळीवर चढवलेली माणसाहून उंच झाडं, आणि त्यांवर हिरव्या मिरच्यांच्या शेजारी अर्धवट पिवळ्या झालेल्या. हिरवी आज तोडून विकता येते. पिवळी हवी असेल तर तेच फळ आणखी काही आठवडे झाडावर सांभाळावं लागतं. तेवढ्या दिवसांचं पाणी, खत आणि किडीची धास्ती शेतकऱ्याच्या माथी. लाल रंग तयार करण्याची शक्तीच या वाणात नसते, म्हणून ती पिवळ्यावर थांबते. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या पिकण्याचे.

घेताना मी ती हातात तोलून बघते. आकाराच्या मानाने जड, साल ताणलेली, देठ हिरवा आणि ओला हवा. देठाशी बोट दाबलं आणि मऊ लागलं, तर परत ठेवायची. आमचा भाजीवाला प्रत्येक वेळी मिरची उलटी करून दाखवतो, “आंटी, चार वाली लो, मीठी होती है.” खालच्या उंचवट्यांवरून मिरची नर की मादी, हे त्याचं शास्त्र. खरं तर फळाला नर-मादी नसतंच. उंचवटे तीन की चार हे वाणावर आणि वाढीवर ठरतं. मी हसते आणि देठ बघूनच घेते.

घरी आणली की धुवायची नाही. ओल राहिली की देठाशी बुरशी धरते. तिला सात-आठ अंशांचा गारवा मानवतो. त्याहून फार थंडीत बरेच दिवस राहिली तर सालीवर खड्डे पडतात. म्हणून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कोरडी. आठवडाभर छान राहते. चिरलेली मात्र दोन-तीन दिवसांत संपवावी.

स्वयंपाकात तिची गोडी सांभाळावी लागते. बेसनात ती गुळचट होते. लिंबू किंवा आमचूर घातल्याशिवाय जमत नाही. कढईवर झाकण ठेवून वाफवली तर लगदा होतो. मी मोठ्या आचेवर, मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत फोडी परतते आणि कड जरा काळी झाली की गॅस बंद. पण खरी मजा कोशिंबिरीत: बारीक चिरून, दाण्याचा कूट, मीठ, लिंबू, वरून हिंगाची फोडणी.

कच्ची खाण्यात फायदाही आहे. शंभर ग्रॅम पिवळ्या मिरचीत सुमारे 180 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, हिरवीच्या दुपटीहून अधिक. उष्णतेने आणि पाण्याने ते घटतं. सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढलं ते सेगेड गावच्या मिरच्यांमधूनच. त्या कामाचा वाटा 1937 च्या नोबेलमध्ये होता.

तेव्हा रोजच्या भाजीला हिरवीच बरी, खिशालाही आणि चवीलाही. पिवळी नुसत्या रंगासाठी घेऊन ग्रेव्हीत शिजवू नका. आठवड्याला एकच आणा, आणि ती कच्ची खा.