दोन तास पाच मिनिटं

सारोळे, ८ एप्रिल
वीज अकरा पस्तीसला गेली आणि एक चाळीसला लॅपटॉप बंद पडला. दोन तास पाच मिनिटं. पुण्याहून आलेल्या पुस्तकाची बेचाळीस पानं तपासायची होती, सव्वीस झाली. शेवटच्या तीन पानांवरच्या दुरुस्त्या जतन करायच्या राहिल्या होत्या, त्याही गेल्या. वीज आली साडेचारला. घेतला तेव्हा, चार वर्षांपूर्वी, हाच लॅपटॉप पाच तास सहज चालायचा.

रात्री भाऊजी शिरवळहून पाळी संपवून आले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही सारखा चार्जिंगला लावून ठेवता ना, म्हणून. बॅटरी पार उतरू द्यायची, मग लावायची."

१० एप्रिल
दोन दिवस तसं करून पाहिलं. फरक नाही. मग मोबाइलवर बसून वाचलं. भाऊजींचा सल्ला खोटा नाही, जुन्या बॅटरीचा आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या अर्ध्यावरच पुन्हा पुन्हा भरल्या, तर तेवढंच देण्याची त्यांना सवय लागायची. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन. तिला ही खोड नाही. उलट दर वेळी तळ गाठला तर ती लवकर झिजते. सारखी चार्जिंगला नको, हे मात्र भाऊजींचं खरं, पण कारण निराळं आहे. १९९१ साली सोनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. हे वाचून आज फार बरं वाटलं.

११ एप्रिल
विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी लिहायचं, जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. माझ्या बॅटरीची मूळ क्षमता ४१,००० मिलिवॉट-तास. आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता २५,०००. म्हणजे साठ टक्क्यांच्या जरा वर.

मग पडद्याच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह रोज शंभर टक्के का दाखवतं? यावर बराच वेळ अडले होते. घरातल्या वडीलधाऱ्या आण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी भाटघर धरणाचं उदाहरण काढलं. धरण काठोकाठ भरलं की आपण भरलं म्हणतो, पण जुन्या धरणाच्या तळाशी गाळ असतोच. भरलेलं दिसतं तेवढंच, पाणी मात्र कमी. अगदी तसंच आहे हे. सेलमध्ये ऋण बाजूच्या ग्राफाइटवर एक पातळ थर साठत जातो, त्यात थोडं थोडं लिथियम अडकून पडतं. टक्के मोजले जातात ते उरलेल्या जागेचे.

हा गाळ पुन्हा उपसता येत नाही. तो साठण्याचा वेग कमी करता येतो, एवढंच हातात आहे.

१३ एप्रिल
वेग कशाने वाढतो, तर दोन गोष्टींनी: उष्णता, आणि सतत पूर्ण भरलेलं असणं. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्या ताणाखाली आतल्या नको त्या क्रिया जोरात चालतात, आणि उन्हात आणखी जोरात. एक हिशेब वाचला तो वहीत उतरवते. बॅटरी वर्षभर नुसती ठेवली, तीही ४० अंश तापमानात: ४० टक्के भरून ठेवली तर साधारण ८५ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवली तर साधारण ६५.

आता माझी खोली. वर पत्रा. चैत्रात दुपारी आत पंखासुद्धा गरम वारा फेकतो. लॅपटॉप कॉटवर, गोधडीवर, चार्जर चोवीस तास लावलेला, कारण वीज कधी जाईल याची धास्ती. चार वर्षं मी बॅटरी वापरून नाही, जपून जपून संपवली.

आण्णा दारातून बघत होते. म्हणाले, "अगं, कांदा असा गोधडीवर पसरला तर आठ दिवसांत सडेल. चाळीला खालून हवा ठेवतो ती काय उगाच?" दुपारी त्यांनी माळ्यावरच्या दोन फळकुटांवर चार पट्ट्या ठोकून दिल्या. लॅपटॉप आता त्या पाटावर असतो. खोलीही बदलली, धाब्याच्या मधल्या खोलीत उजेड कमी आहे, पण भिंती जाड आहेत.

१७ एप्रिल
गेलेली क्षमता गेली. उरलेली पुरवायची कशी, त्याचा हिशेब. अहवालात दर वेळी किती ऊर्जा किती वेळात खर्च झाली ते असतं. भागाकार केला तर माझा लॅपटॉप सरासरी १२ वॉट खातो. २५ भागिले १२, दोन तास पाच मिनिटं. आठ तारखेचं कोडं मिनिटासकट सुटलं.

पडद्याचा उजेड निम्मा केला. सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. पानं आधीच उतरवून घेते आणि वाय-फाय बंद ठेवते. ब्राउझर मिटला. पुण्याहून कुणी बोलायला म्हणालं तर साधा फोन, व्हिडिओ नाही. आज ८ वॉट. वीज दहा वाजता गेली, मी एकला थांबले तेव्हा बॅटरी अजून चालू होती. एकेचाळीस पानं झाली.

२ मे
टचपॅड दाबला जाईना. लॅपटॉप पाटावर ठेवला तर एक कोपरा डुगडुगला. आधी फळी वाकली वाटलं. मग उजेडात आडवा धरून पाहिला: बूड मधोमध फुगलेलं. आत वायू साठला की बॅटरी अशी फुगते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही, आग लागू शकते. लगेच बंद केला, मुलांना खोलीबाहेर काढलं आणि लॅपटॉप ओट्यावर फरशीवर सावलीत ठेवला.

३ मे
नीरेचा पूल ओलांडून शिरवळला, दुरुस्तीवाल्याकडे. त्याने पेच काढले, फुगलेली बॅटरी हळूच सोडवली. भंगारवाल्याला देऊ नका, म्हणाला. अशा बॅटऱ्या तो वेगळ्या गोळा करून पुढे पाठवतो. मी त्याच्याकडेच दिली. नवीनचे पैसे मुद्रितशोधनाच्या महिन्याभराच्या कमाईतून गेले, ते मनाला लागलंच.

घरी येऊन पहिल्यांदा सेटिंग उघडलं आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावली. मग अहवाल काढला. रोजनिशीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखलेत, तारीख आणि क्षमता. पहिली ओळ: ३ मे, ४१,३००.