मावशी सरकारची कोण?



तुझा प्रश्न वाचून आधी मनसोक्त हसून घेतलं. "तिकडे बायकांना घरबसल्या पैसे मिळतायत म्हणे, मग आता कामाला कुणी मिळतं का गं?" किसुमूत बसून, घरात स्वयंपाकाला आणि बागेला वेगळी माणसं ठेवून, तुला इथल्या बायकांच्या आळसाची काळजी! नवऱ्याच्या साखर कारखान्यांमागे फिरत फिरत पार आफ्रिकेत पोचलीस, पण डोकं अजून अंबाजोगाईच्या खानावळीतच अडकलंय तुझं.

आणि योगायोग बघ, तुला जिच्या भाकऱ्या आठवतात त्या मावशीच्याच घरची हकीकत सांगायची आहे. आता ती धारूरच्या पुढे, डोंगरातल्या आपल्या वस्तीवरच असते. लेक आणि सून ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की अर्ध्या वस्तीच्या दारांना कुलपं लागतात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला उघडतात. मागे राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि ज्यांना शाळा सोडायची नाही अशी थोडी पोरं.

२०२४च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे फॉर्म सुटले तेव्हा अंगणवाडीत नुसती जत्रा होती. महिन्याला दीड हजार, वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. सुनेबरोबर मावशीही ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. अंगणवाडीच्या ताईंनी आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला सदुसष्ट लागलंय." तुला सांगते, वस्तीवर निम्म्या लोकांचा जन्म १ जानेवारीचा आहे. कार्ड काढणाऱ्यानं चेहरा बघून साल टाकलं, आणि चुलीपुढे बसलेल्या चेहऱ्याला चार-पाच वर्षं जास्तच पडली. गंमत म्हणजे तिची थोरली बहीण त्याच कार्डांच्या हिशेबात बासष्टची. तिचा फॉर्म भरला गेला. मावशी तिथंच कमरेवर हात ठेवून उभी. "थोरली लाडकी बहीण, सून लाडकी बहीण. मग मी सरकारची कोण? आज्जी?"

मी तिला समजावलं की पासष्टच्या पुढे श्रावणबाळ योजना आहे, तिथंही दीड हजारच मिळतात. पण तिथे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवं, नाहीतर वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत. म्हणजे बघ, पासष्टपर्यंत अडीच लाखांना माणूस गरीब आणि पासष्टच्या दुसऱ्या दिवशी बावीस हजारांना श्रीमंत! हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा मावशीसमोर उभं करायला हवं. तिचे कागद अजून फिरतायत.

सुनेचे पैसे मात्र आले. त्या ऑगस्टात राखीच्या आधी दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. आता तू म्हणशील, दीड हजारात होतं काय? तुझ्या नवऱ्याच्या भाषेत सांगते. ऊसतोडीचा दर आता टनाला ३६६ रुपये आहे. म्हणजे दीड हजार झाले चार टन ऊस, आणि चार टन म्हणजे नवरा-बायकोनं मिळून दोन दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत फडात वाकायचं. 'मिळून' म्हणाले खरी, पण मुकादमाच्या वहीत एक जोडी म्हणजे एक कोयता, आणि नाव नवऱ्याचं. आगाऊ उचल त्याच्या हातात, फेडायची दोघांनी. आपली ही सून लग्न झाल्यापासून ऊस तोडते, मोळ्या डोक्यावरून ट्रकात चढवते, आणि तिच्या एकटीच्या नावानं कुठूनही रुपया आला तो हा पहिला.

पहिले पैसे काढायला ती निघाली तेव्हा मी बरोबर होते. बँकेच्या केंद्रातल्या पोरानं मशीन पुढे केलं. अंगठा लावला, लाल दिवा. पदराला पुसून लावला, लाल दिवा. कोयत्यानं रेषाच झिजल्यात. पोरगा कंटाळून म्हणाला, "दुसरं बोट लावा." मग तिनं एकेक बोट मांडलं, लहान मुलांना मोजायला शिकवतात तसं, आणि डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला. तेव्हापासून तिनं त्या बोटाला फार जपलंय. भांडी घासतानासुद्धा ते वर धरते. मावशी त्याला 'सरकारी बोट' म्हणते.

पहिल्यांदा काय घेतलं असेल, ओळख. चहापत्ती! अर्धा किलो, एकदम. तुला मला त्यात काही वाटणार नाही. पण ही माणसं वर्षानुवर्षं पाच-पाच रुपयांच्या पुड्या आणतात, म्हणजे तीच पत्ती आपल्यापेक्षा महाग घेतात. तेलाचं तसंच, साबणाचं तसंच. हातात एकरकमी काही नसलं की सगळं सुटं आणि सगळं महाग. मावशी त्या डब्याचं झाकण उगाच दोनदा उघडून वास घेत होती. मला चहा मिळाला तोही पूर्ण पेला, बशीत ओतून दोघींत वाटलेला नाही.

दुसरी गोष्ट जरा जड आहे, पण तुला सांगते. बीडच्या ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ला गाजलं होतं, आठवतं? आपण फोनवर किती तणतणलो होतो. कामावर खाडा पडला की दंड, पाळीचा त्रास म्हणजे खाडा, मग काढूनच टाका पिशवी. या सुनेचंही ओटीपोट दोन हंगाम दुखत होतं. दवाखान्याला पैसे मागायचे तर मुकादमाकडून, आणि ते उचलीत चढणार, म्हणून ती बोलतच नव्हती. गेल्या पावसाळ्यात साठलेल्या पैशांतून तिनं स्वतःची सोनोग्राफी केली. घरात विचारलं नाही, नुसतं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी बरं होईल, काढायचं काही कारण नाही. यंदा ती पिशवीसकट फडावर गेली आहे, हे तिचेच शब्द.

हो, गेलीच. दीड हजारात कोयता सुटतो, असल्या भ्रमात राहू नकोस. वर्षाचे अठरा हजार होतात, आणि उचल त्याच्या कितीतरी पट. पण यंदा नातीला बरोबर नेलं नाही. नववीत आहे, मावशीजवळ राहिली. सून बेळगावकडच्या फडावरून हप्ता आला की वाण्याला फोनपे करते. वाण्याच्या दुकानात ते बोलणारं खोकं आहे ना, त्यातून रक्कम खणखणीत आवाजात सगळ्या आळीला ऐकू जाते. मावशी ते ऐकायला आधीपासून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसते, आणि खोकं बोललं की आजूबाजूला बघून म्हणते, "ऐकलं का? आमची." पूर्वी हाच वाणी उधारीला कुरकुरायचा, आता "हप्ता येईलच की" म्हणतो. हप्त्याला तारीख मात्र नाही. कधी दोन महिने गप्प, कधी सणाच्या तोंडावर एकदम.

आणि मध्ये ई-केवायसी निघालं! सव्वादोन कोटींच्या वर बायका, त्यात चौदा हजारांवर पुरुष निघाले म्हणे, लाडक्या बहिणी म्हणून पैसे घेणारे. त्या भावांपायी खऱ्या बहिणींची तपासणी. बाईचं आधार, वर नवऱ्याचं आधार, दोघांचे ओटीपी. सुनेच्या नवऱ्याच्या आधारला नंबर जोडलेला पुण्यात रिक्षा चालवणाऱ्या भाच्याचा. त्याला फोन लावला तर तो म्हणतो, "मामी, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा मेसेज आलाय." अगं, दहा मिनिटांत तो नंबर मरतो! मामी ओरडतेय, मावशी ओरडतेय, मी फोन हिसकावून घेतला तर तो मला म्हणतो, "मॅडम, तुम्ही कोण बोलताय? फ्रॉड तर नाही?" तिसऱ्या वेळी जमलं. वस्तीवरच्या एका विधवा बाईचं मात्र किती दिवस अडलं होतं, कारण नवरा नाही आणि वडील कधीचे गेलेले.

तू तिकडच्या सियायातल्या छपरांचं लिहिलं होतंस ते मी मावशीला वाचून दाखवलं. त्या 'गिव्हडायरेक्टली' संस्थेनं घराला हजारेक डॉलर थेट फोनवर, एम-पेसानं दिले आणि लोकांनी आधी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले. मावशीनं लगेच मान डोलावली. "शाकारण्याचा खर्च वाचला की दरवर्षीचा." दारूत उडवतील अशी धास्ती तिथेही होतीच ना, आणि अभ्यासकांनी पाहिलं तर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला नव्हता. आणि ज्या गावांना बारा वर्षं महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचं ठरलं, तिथल्या लोकांनी ते आपसात चामात, म्हणजे आपल्या भिशीतच, घालून एकरकमी करून घेतले, हे वाचून मी उडालेच. कारण आमच्या वस्तीवरही तेच चाललंय. बारा जणी, महिन्याला पाचशे, म्हणजे भिशी सहा हजारांची. पहिल्या दोन भिश्यांच्या दोन शेळ्या झाल्या, एकीचं नळाचं कनेक्शन.

मतांसाठीच दिले हे पैसे, यात मला शंका नाही. निवडणुकीत एकवीसशे करू म्हणाले, ते अजून दीड हजारच आहेत. मावशीलाही ते कळतं. "मतासाठी साडी वाटायचे ती एका धुण्यात विरायची, हे तरी दर महिन्याला येतंय," असं तिचं मत. शेतमालाला भाव नाही, हाताला इथं काम नाही, ते प्रश्न आहेत तिथेच आहेत, आणि त्यावर आपण तू आल्यावर भांडू. नाहीतरी तू भांडल्याशिवाय जेवत नाहीस.

आता दिवेलागण झाली, मला मावशीच्या दाखल्यासाठी कुणाला तरी फोन करायचाय. जून-जुलैत येणार असशील तर आधी कळव, सूनही घरी असेल.

तुझीच

ता. क. एक काम कर. तिकडच्या बायकांना विचार, चामात नंबर कसे लावतात? आमच्या भिशीवाल्या आता चार वेगवेगळ्या फडांवर पांगल्यात. चिठ्ठ्या मी इथं टाकून फोनवर नाव सांगू म्हटलं, तर मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्यावर नका सोडू, होस्टेलात ही दोन भाकऱ्या जास्त उचलायची." उचलायचीस तू, आणि नाव माझं!