मंगळवारचें पान

जुन्या नाशकांत पुष्कळ घरीं एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा वार असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या, असे सात दिवस लावून मुलगा शिके. या पद्धतींत मिंधेपणा होता, व तिचें दार बहुधा स्वजातीच्याच मुलास उघडे. हे दोष झांकण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु मंगळवारीं पान मांडलें आणि मुलगा आला नाहीं, तर घरांतील बाई बुधवारीं कोणाजवळ तरी विचारी, "कां हो, तो काल आला नाहीं?" मुलाची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षांत येई, एवढाच मुद्दा आम्हांस येथें घ्यावयाचा आहे.

गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ मध्यें येथें महाविद्यालय काढलें. आज महाविद्यालयें अनेक झालीं, आणि सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून मुलेंमुली शिकावयास येतात. त्यांतील कित्येक पहिल्याच वर्षीं परत फिरतात. बुद्धि कमी पडली म्हणून तीं जातात, असा सर्वसाधारण समज. अमेरिकेंतील व्हिन्सेंट टिंटो यांनीं १९७५ मध्यें मांडलेला विचार निराळा आहे. विद्यार्थी तेथील अभ्यासांत आणि तेथील माणसांत किती मिसळला, यावर त्याचें टिकणें पुष्कळसें अवलंबून असतें, असें त्यांचें म्हणणें.

हें मिसळणें घडवून आणण्यास व्हॉट्सॲपसारखें साधन आज मुलांच्या हातांत आहे. फेसबुक तर २००४ मध्यें हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरतेंच निघालें होतें. पण आमच्याकडे २०२० च्या टाळेबंदींत वर्गावर्गांचे जे गट निघाले, त्यांचा झाला निव्वळ सूचनाफलक!

दोन वर्षांपूर्वीं सुरगाण्याकडील एक मुलगी आमच्या घरीं खोली घेऊन राहिली. विज्ञानाचें पहिलें वर्ष. (महाविद्यालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं.) तिच्या वर्गाच्या गटांत सव्वाशें मुलें. दिवाळीनंतर ती तासांना जाईनाशी झाली. गटांत सूचना येत, ती त्या वाची, निळ्या खुणा उमटत, आणि खूण उमटली म्हणजे सर्व ठीक आहे असें धरलें जाई. एके दिवशीं फी थकलेल्यांची यादीच गटांत आली. तींत तिचें नांव होतें. त्या रात्रीं तिनें गट सोडला. सव्वाशें जणांपैकीं एकानेंहि विचारपूस केली नाहीं. ती केली आमच्या धाकट्या सूनबाईंनीं, तीहि रात्रीचें ताट तसेंच राहिलें म्हणून.

फीची अडचण खरी होती. पण मूळ दुखणें निराळें निघालें. शाळा सारी मराठींतली, इंग्रजी व्याख्यानांतील शब्द अडत, आणि सव्वाशें जणांपुढें शंका लिहिण्याची लाज वाटे. सूनबाईंनीं वरच्या वर्गांतील एका मुलीशी तिची गांठ घालून दिली. चौघींचा लहानसा गट झाला. दिवसां अडलेला शब्द लिहावा, रात्रीं त्याचा उलगडा मराठींत बोलून पाठविलेला यावा, असा क्रम चालला. फी हप्त्यांनीं भरली गेली. मुलगी यंदा तिसऱ्या वर्षांत आहे.

तेव्हां महाविद्यालयांस आमची विनंती कीं, आठ-दहा मुलांमागें वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी व एक शिक्षक असा लहान गट करावा. चार दिवस मुलगा दिसला नाहीं कीं त्यास खासगी निरोप जावा. उत्तर न आलें तर फोन. डोंगरांत रेंज नसली तर वसतिगृहांतील सोबत्याकडे चौकशी. थकबाकीची यादी गटांत कधींहि येऊं नये. मुलींचे नंबर शेंकडों अनोळखी लोकांस दिसतात, हें घरच्यांना खुपतें, आणि तें रास्त आहे. लहान गटांत तें भय पुष्कळ कमी. (रोज पहाटे येणाऱ्या फुलांच्या चित्रांविषयीं आम्ही बोलतच नाहीं.) शिक्षक म्हणतील, हें रात्रींबेरात्रींचें काम आमच्या माथीं कां? तक्रार खरी आहे. म्हणून हा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला पाहिजे.

याच नाशकांत १९८९ मध्यें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. तेथील विद्यार्थ्यास रोजचा वर्ग नाहीं. सातपूरच्या कारखान्यांतील पाळी संपवून रात्रीं पुस्तक उघडणारा मुलगा तें उघडीनासा झाला, तर कळणार कोणाला? त्याच्या बाबतींत असा गट हाच वर्ग होय. त्यांतील आठ जणांनीं महिन्यांतून एका रविवारीं अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष भेटावें, बरोबर चहा घ्यावा. आणि जो आला नसेल त्याला तेथूनच फोन लावावा.