दादाला फ्रान्सहून

मार्सेय, बुधवार

दादा,

सुकेळीचे पुडे शाबूत पोचले, मीही पोचले. तुझ्या धाकट्याने फ्रेंच शिकावं की नाही, हे तू मला विचारून ठेवलंयस. फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच वाडीतल्या पंपाकडे वळतोस, म्हणून कागदावर सांगते. वहिनीला मोठ्याने वाचून दाखव.

आज बंदरावर गेले. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून इथेच उडी घेतली. पोहून धक्क्याला लागले, पळाले, आणि फ्रेंच पोलिसाच्या हाती सापडले. खरं तर ते फ्रान्सच्या भूमीवर आलेले राजकीय कैदी. पण त्या हवालदाराला वाटलं, बोटीवरचाच कोणी गुन्हा करून पळतोय. त्याने त्यांना पुन्हा बोटीवर पोचवलं. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. शाळेत मी ही उडी कित्येक वर्गांना शिकवली. धक्क्यावर उभी राहिले तेव्हा मात्र उडीपेक्षा तिच्या पुढची दोन-चार मिनिटं डोक्यात घोळत राहिली. आपण कोण, हे समोरच्याला त्याच्या भाषेत आणि त्याच क्षणी पटवायचं. अशा वेळी शब्दकोश चाळत बसता येत नाही.

टिळकांचं उलट. १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंग, वय पन्नाशीच्या पुढे, अंगात मधुमेह. घरून पुस्तकं मागवून त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा आपला आपण अभ्यास केला. तिथे त्यांना फ्रेंचमध्ये बोलायचं तरी कोणाशी? ग्रंथ मुळातून पाहायचे होते, तेवढ्यापुरती भाषा त्यांनी कमावली.

मोठ्या वयात भाषा अशी कामापुरतीच येते, असं माझं मत होत चाललंय. माझ्या फ्रेंचमध्येही वाचन आधी आलं. त्यात माझी हुशारी काही नाही. इंग्रजीने शेकडो वर्षं फ्रेंचमधून इतकं उचललंय की पानावरचे निम्मे शब्द इंग्रजी शिकलेल्याला तोंडओळखीचे वाटतात. कानाचं तसं नाही. सकाळी एकाला बस कुठून सुटते विचारलं, तर तो खांदे उडवून ‘शेपा’ म्हणाला आणि चालू लागला. ‘मला माहीत नाही’ हे आमच्या पुस्तकात ‘ज न से पा’ असं चार शब्दांत होतं. बोलताना त्याची अशी चटणी होते हे मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

सेवेराक, रविवार

दादा,

मार्सेयहून बेझिए, तिथून डोंगरातल्या एका गाडीने इथे आले. या मार्गाला गाड्या इतक्या थोड्या की आपली विरार लोकल आठवून गहिवरून यावं. गाव टेकडीवर, माथ्यावर पडका किल्ला, जवळच आव्हेरों नदीचा उगम. पर्यटक इथे फारसे फिरकत नाहीत. मी का आले, ते ऐक.

या सेवेराकच्या नावाने ओळखला जाणारा जॉर्डानस नावाचा डोमिनिकन साधू १३२१ मध्ये ठाण्यात आला होता. त्याच्या बरोबरचे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. जॉर्डानस तेव्हा तिथे नव्हता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. सोपारा म्हणजे आपल्या आगाशीपासून रिक्षाने जाण्याचं अंतर! बौद्ध स्तूपासाठी आपण तिथे पाहुण्यांना नेतो, पण या माणसाचं नाव घेत नाही. त्याने तिकडून आपल्या मठबंधूंना लिहिलेली पत्रं आजही उपलब्ध आहेत. पुढे पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

त्याचं छोटं लॅटिन पुस्तक मी इंग्रजी भाषांतरातून वाचलंय. त्यात नारळ आहे, ताडी आहे, आंबा आहे. फणसाला तो ‘चाकी’ म्हणतो, तो केरळातला ‘चक्का’. साध्या-सुध्या माणसांना विचारत, बोट दाखवत, ऐकेल तसं नाव तो टिपून घेत असणार. आमच्या फ्रेंचच्या वर्गात पहिल्या दिवसापासून क्रियापदं चालवायला बसवतात. क्रियापदं लागतातच, पण मोठ्या माणसाने आधी आपल्या धंद्याचे, आपल्या घरातले शब्द गोळा करावेत. माझी इथली घरमालकीण ऐंशीच्या घरातली. तिच्यापुढे सुकेळी ठेवली आणि राजेळी केळी सोलून उन्हात कशी वाळवतात, कोरड्या पानांत कशी बांधतात, ते सगळं सांगितलं. व्याकरण जागोजागी मोडलं, पण तिने तीन सुकेळी खाल्ली आणि मधमाश्या कशा आवरता असं विचारलं. म्हणजे मी बोललेलं तिला कळलं.

तिचे उच्चार दक्षिणेकडचे. पॅरिसकडचे लोक शब्दाचा शेवट नाकात विरवून टाकतात. ही बाई तिथे सरळ ‘ङ’ वाजवते आणि शेवटचा मुका स्वरही म्हणून टाकते. माझ्यासारखीला वरदानच. उत्तरेकडच्यांना हे गावंढळ वाटतं म्हणे. आपल्या वाडवळी आणि सामवेदी बोलींना विरार स्टेशनच्या पलीकडे हसतातच की.

आपल्याला काही गोष्टी आयत्या मिळतात, हे धाकट्याला सांग. निर्जीव वस्तूला लिंग असतं याचा इंग्रजाला धक्का बसतो, आपल्याला नाही; फ्रेंचमध्ये तर आपल्याहून एक कमी, नपुंसकलिंगच नाही. मोठ्यांना आदराने आणि घरच्यांना एकेरी बोलणं फ्रेंचमध्येही लागतं, ते आपल्या अंगातच आहे. आकड्यांना मात्र सगळे घाबरतात. सत्त्याण्णव म्हणताना हे लोक ‘चार-वीस-सतरा’ म्हणतात. आपले आजोबा केळीची पानं कोडीने मोजायचे, त्यांना हे चटकन जमलं असतं. मी दुकानात अजून बिलावरचा आकडा वाचूनच पैसे देते.

आणखी एक. दुकानात शिरल्यावर ‘बाँझूर’ म्हटल्याशिवाय काही मागायचं नाही. न म्हणणाऱ्याचं व्याकरण कितीही शुद्ध असो, त्याच्याशी कोणी धड बोलत नाही.

पॅरिस, शुक्रवार

दादा,

मनोरा पाहिला. फोटो पाठवलेत, त्यावर लिहीत नाही.

पुस्तकांच्या दुकानात तुकोबा भेटले. गी दलरी या जेझुइटाने केलेला अभंगांचा फ्रेंच अनुवाद गालिमार या मोठ्या प्रकाशनाने १९५६ मध्ये काढला; त्याचीच प्रत. हा माणूस मोठेपणी महाराष्ट्रात येऊन मराठी शिकला, पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेला आणि विठोबाच्या उपासनेवर ग्रंथ लिहिला. त्याच्या मागून पुण्यात आलेल्या गी पॉयत्व्हाँने हेमा राईरकरांबरोबर खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. फ्रेंच माणसाला मोठेपणी ‘ळ’ आणि ‘ण’ जमवावे लागले, तर आपल्या पोराला त्यांचा घशातला ‘र’ का जमू नये?

आता हिशेब. धाकट्याला कॅनडाला जायचंय, आणि तिथे स्थायिक होण्याच्या गुणपद्धतीत फ्रेंचला जादा गुण आहेत एवढंच त्याने तुला सांगितलंय. सध्याचा नियम असा: इंग्रजी बऱ्यापैकी असेल तर फ्रेंचचे ५० गुण वाढतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या निघतात आणि तिथे कट-ऑफ पुष्कळ खाली असतो. मात्र ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही बाबींत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी हवी. तीन आल्या आणि एक राहिली तर ना ते ५० गुण मिळतात, ना त्या फेरीत जागा. परीक्षेचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो. त्या पातळीला पोचायला वर्गाचेच पाच-सहाशे तास लागतात, घरचा अभ्यास वेगळा. ‘चार महिन्यांत फ्रेंच’ असं कोणी सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नकोस.

कॅनडासाठी भाषा शिकतो म्हणून तू नाक मुरडतोस, ते मला पटत नाही. टिळकांना ग्रंथ हवे होते, दलरीला तुकाराम, याला नोकरी. कारण पोटाचं असलं म्हणून हलकं होत नाही, आणि कारणाशिवाय तिशीतला माणूस रोज संध्याकाळी क्रियापदं घोकत नाही. माझ्या वर्गात निव्वळ हौसेने आलेल्यांपैकी बरेच पहिली पातळी झाल्यावर दिसेनासे झाले. कॅनडावाले टिकले, थकून-भागून लोकलने येऊनही टिकले. त्यांची खोड एकच, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका पाठ करतात आणि ऐकण्याच्या परीक्षेत मार खातात.

म्हणून माझं मत: त्याने शिकावं. वर्ग माणसांचा असावा, निव्वळ मोबाइलवरचा नको. रोज अर्धा तास फ्रेंच बातम्या कानावर पडू देत, कळो न कळो. आणि चारही बाबी तयार होईपर्यंत परीक्षेचा फॉर्म भरू नये. फी मोठी असते. जूनच्या बॅचला त्याचं नाव घाल. पहिल्या पातळीचे पैसे मी देते, पुढचे त्याने स्वतः कमवून भरावेत.

कळावे,
तुझी बहीण