मागे तोंड केलेले घोडे

उंब्रज मागे पडलं आणि पुढे एक ट्रक आला. हौद्यात लोखंडी पाइप, वाकवलेल्या कमानी, गुंडाळलेली ताडपत्री, बल्बच्या माळांचा गुंता. आणि सगळ्यात मागे, फाळक्याला टेकून, सहा घोडे. फायबरचे. एक निळा, एक गुलाबी, बाकीचे कधीकाळी पांढरे असावेत. सहाही माना एकाच दोरानं बांधलेल्या. ट्रक साताऱ्याकडे चालला होता आणि घोडे कराडकडे बघत होते, म्हणजे सरळ आमच्या काचेत.

"आई, तो निळा रडतोय," मुलगी म्हणाली.

रडत नव्हता. डोळ्याचा काळा रंग ओघळून गालावर आला होता. पण त्या अर्धवट उजेडात मलाही क्षणभर तसंच वाटलं, म्हणून मी काही बोलले नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा तोंडावर आलेली. ट्रक बहुतेक तिकडेच निघालेला. नवऱ्यानं डिपर दिला, हॉर्न दिला आणि आम्ही घोड्यांना मागे टाकलं. घाई होती. खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कचं तिकीट काढलेलं होतं.

सांगली ते खोपोली तीनशे किलोमीटरच्या वर. पहाटे पाचला निघालो तेव्हा आयर्विन पुलाखाली कृष्णेवर धुकं होतं आणि पेठ नाक्यापर्यंतच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. हंगामात हा रस्ता माणसांचा नसतो, साखर कारखान्यांचा असतो. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा असला तर असला, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असं गाणं की आख्ख्या आष्ट्याला जाग यावी. मुलानं पहिल्यांदा "आली का इमॅजिका?" विचारलं ते इस्लामपुरात. (आता ईश्वरपूर म्हणायचं, जीभ अजून वळत नाही.) त्यानंतर त्यानं ते कराडला विचारलं, तासवड्याच्या टोलनाक्यावर विचारलं, आणि मग मोजणंच सोडून दिलं मी. सासूबाई पुढच्या सीटवर मांडीवर भडंगाचा डबा घेऊन बसल्या होत्या. भडंग असं शांतपणे वाटत होत्या की जणू गाडी त्यावरच चालली आहे.

घोडे मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. काशीळची पाटी आली आणि मी गाडीत असूनही गाडीत राहिले नाही.

काशीळहून पाल जवळ. तारळी नदीच्या काठावर, खंडोबाचं. पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि त्या दिवशी गावाचा रंग बदलतो, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाहीये. रस्ता, घरांची कौलं, बैलांच्या पाठी, नदीकाठचे धोंडे, पोलिसांच्या टोप्या, सगळं पिवळं. माझं आजोळ उंब्रजजवळच्या एका खेड्यात. मी तिसरीत असताना आबा, म्हणजे आईचे वडील, मला आणि मामेभावाला घेऊन यात्रेला गेले. आम्ही सांगलीकर म्हणून आबांना एक वेगळाच अभिमान. भंडाऱ्याची मूठ उधळायच्या आधी ते ती माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वास घे. तुमच्याच पेठेतली हळद हाय." सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ साली. आबांनी ते तेव्हाच देऊन टाकलं होतं. माझं सांगलीपण मला पहिल्यांदा कळलं ते असं, पालच्या गर्दीत, शिंकताना.

यात्रेत दोन पाळणे होते. एक मोठा, लोखंडी, डिझेल इंजिनावर चालणारा, ज्याचा धूर आणि धडधड लांबूनच यायची. दुसरा लाकडी, चार पेट्यांचा, दोन माणसं हातानं ओढून फिरवायची तो. आम्ही अर्थातच मोठ्याकडे धावलो. आबांनी दोघांच्या मानगुटी धरून लाकडीकडे वळवलं. "इंजनाला काय कळतंय पोरगी घाबरली का काय ते? माणसाला सांगता येतंय, थांब म्हणून." आबांचं हे तंत्रज्ञानाविषयीचं मत मी पुढे अनेकदा तपासून पाहिलं आहे. फारसं चुकलेलं आढळलं नाही.

पेटीला दार नव्हतं, एक दांडी होती. दांडीला इतक्या हातांचा घाम लागलेला की लाकूड शिसवीसारखं झालेलं. पाळणेवाला एका पायानं बुंध्याला रेटा द्यायचा, मग आऱ्याला लोंबकळून आपलं सगळं वजन खाली आणायचा, की समोरची पेटी वर. म्हणजे आम्ही वर जायचो ते त्याच्या वजनावर. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि पाळणा थांबला. आम्ही नेमके वर. खाली दुसरी पोरं चढत होती. मामेभावानं डोळे मिटून मल्हारीचा धावा सुरू केला. मी खाली बघितलं.

देवळाचा कळस दिसत होता, नदीतलं पाणी दिसत होतं, रेवड्यांच्या आणि बांगड्यांच्या पालांच्या ओळी दिसत होत्या. पण मला आठवतो तो आबांचा फेटा. रोज पाहिलेला, पण नेहमी खालून. वरून तो आतून पोकळ होता. मधल्या खळग्यात दिवसभराचा भंडारा साठून एक छोटंसं पिवळं तळं झालं होतं आणि आबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते पाळणेवाल्याशी बोलत उभे होते. बंडीच्या खिशातून पुडी निघाली, तळहातावर तंबाखू, चुना, अंगठ्यानं मळणं, वर दोन चापट्या. अर्धी चिमूट त्याला, अर्धी स्वतःला. मग वर न बघताच ते म्हणाले, "सांगलीची पावणी हाय वर. दोन फेऱ्या जास्तीच्या दे." त्यानं पाच दिल्या.

या चाकाला जगभर ज्या माणसाचं नाव लागलं त्या फेरिसनं आपलं चाक उभारलं ते १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. २६४ फूट उंच, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेला विवेकानंद गेले होते. ते त्या चाकात बसले असतील का, हा प्रश्न मला त्यांच्या भाषणापेक्षा जास्त सतावतो. बसले असावेत असं मला मनापासून वाटतं. वर गेल्यावर सगळ्यांचे फेटे सारखेच दिसतात.

"आई, झोपलीस काय?" मुलानं हलवलं तेव्हा सातारा आलं होतं. अजिंक्यताऱ्यावर ऊन पडलं होतं. कंदी पेढे घेतले, कारण ते न घेता सातारा ओलांडणं आमच्या घरात अपशकून समजतात. लिंबला थांबायचं आधी कबूल केलं होतं. तिथली बारा मोटांची विहीर सासूबाईंना बघायची होती. विरूबाई भोसल्यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे. मी कॉलेजात असताना पाहिली होती. माझ्या मते आपल्याकडे पाण्यासाठी जे जे बांधलं गेलं त्यात याच्याइतकं देखणं थोडंच आहे. पण गाडीत मतदान झालं. दोन मुलं आणि त्यांचा बाप एकीकडे, आम्ही दोघी एकीकडे. "येताना बघू," नवरा म्हणाला. येताना लिंबच्या फाट्यावर अंधार होता. सासूबाई त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत हे मला अजून आठवतं.

खंबाटकीला जाताना आता बोगदा. घाट लागतो तो पुण्याहून येणाऱ्यांना. मुलांनी बोगदाभर ओरडून घेतलं. माझ्या लहानपणी ओरडायला वेळ नसायचा, एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर आणि मुठीत लिंबू. पुढे शिरवळ, नीरेचा पूल, खेड शिवापूर, कात्रजचा नवा बोगदा, नवले पुलाचा तो जीव मुठीत धरायला लावणारा उतार. पुण्याबद्दल काही लिहीत नाही. आम्ही पुण्याला वळसाच घालतो.

इमॅजिका खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. एप्रिल २०१३ मध्ये ती उघडली. ज्यांनी सिनेमाची प्रयोगशाळा चालवली त्या मनमोहन शेट्टींचं हे स्वप्न, त्यामुळे सगळीकडे सेटचा थाट. दारातून आत गेल्यावर माझ्या पोरांचे चेहरे असे झाले की तीनशे किलोमीटर वसूल. उगाच नाक मुरडणार नाही. मला आवडली इमॅजिका. स्वच्छ आहे, झाडं आहेत, आणि राजासॉरस हा आपल्या नर्मदेकाठचा डायनासोर तिथं पाण्यातल्या सफरीत भेटतो याचं मला विशेष कौतुक वाटलं.

मोठ्या रोलर कोस्टरच्या, नायट्रोच्या, तोंडाशी उंची मोजायची पट्टी होती. मुलगा तिच्यासमोर उभा राहिला. टाचा उचलल्या. तिथल्या पोरानं हसून गुडघ्याला बोट लावलं. टाचा खाली आल्या. दोन बोटं कमी पडली. मुलानं केस वर केले. ते मोजत नाहीत म्हणाल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जवळ तंबाखूची पुडी असती तर मी काढली असती. पण मळून द्यायची कुणाला? ती पट्टी चुना खात नाही.

नवरा एकटाच नायट्रोत बसून आला आणि पुढचा अर्धा तास बाकावर गप्प बसून होता. असाच एक बाप लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात बाकावर बसायचा, मुली लाकडी घोड्यांवर गोल फिरायच्या, आणि बाकावर कंटाळून त्याला सुचलं की आईबापांनाही मजा येईल अशी जागा हवी. तो वॉल्ट डिस्ने. १९५५ साली त्यानं डिस्नेलँड उघडलं. आमच्या बाकावरच्या बापाला फक्त लिंबू सोडा सुचला.

सलीमगढ नावाच्या भुताटकीच्या वाटेत मुलीनं माझ्या ओढणीत तोंड खुपसलं आणि मुलगा मोठ्यानं हसत राहिला, म्हणजे तोही घाबरला होता. मला मात्र आमच्या सांगलीचे विष्णुदास भावे आठवत होते. १८४३ साली त्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या नाटकांतले राक्षस राळेचा भडका उडवत, 'अललल डुर्र' अशी आरोळी ठोकत यायचे, आणि त्या आरोळीवरून त्या नाटकांनाच लोक अललडुर्र म्हणू लागले. वीज नाही, स्पीकर नाही. नुसत्या घशावर भागवलेलं. घरी आल्यावर मी अंधारात एकदा करून पाहिलं. सलीमगढला हसलेला मुलगा ताडकन उठून दिवा लावायला धावला.

सासूबाईंना आम्ही 'आय फॉर इंडिया'त बसवलं. तिथं खुर्ची उचलली जाते, पाय लोंबकळतात आणि खालून भारत सरकतो. पडद्यावर कुठंही पाणी आलं की त्यांनी हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सगळं बघितलं. विहीर तेवढी राहिली."

रांगेत उभं असताना मी नवऱ्याला पालची गोष्ट सांगितली, तंबाखूवर मिळालेल्या पाच फेऱ्यांची. तो म्हणाला, "अगं, पण इमॅजिका आता कुणाची आहे माहितीये का?" २०२२ पासून ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. मालपाणी म्हणजे गाय छाप जर्दा. आबांच्या बंडीतली पुडी तीच. पिवळट कागदाची. मी इतकी हसले की पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या.

परत येताना, दुसऱ्या दिवशी रात्री, दोन्ही मुलं मागे एकमेकांवर पडून झोपली होती. काशीळ आलं तशी मुलगी अचानक उठून बसली. "घोडे पोचले का?" एवढंच विचारलं आणि पुन्हा झोपली.

पौषात आम्ही पालला गेलो. लाकडी पाळणा आता येत नाही. तुम्हाला जायचं असेल तर काशीळला महामार्ग सोडा, पुढे कुणीही रस्ता सांगेल. तिथी पंचांगात आधी बघून घ्या, ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. आणि पांढरे कपडे घालू नका. सांगलीची हळद धुऊन निघत नाही.