दारामागचा स्वेटर

२५ जानेवारी २०२४ला, गुरुवारी दुपारी, मी आईशी खोटं बोलून घराबाहेर पडले. ऑफिसातल्या दोघींबरोबर नाशिकला जातेय, असं सांगितलं होतं. खरं तर मी एकटीच जैसलमेरला निघाले होते.

अडतीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या बाईला हे खोटं का बोलावं लागलं? कारण ‘एकटीच?’ हा आईचा प्रश्न मला नको होता. त्यात राग नसतो, काळजी असते आणि काळजीला उत्तर देत बसायचा मला कंटाळा आला होता. म्हणून मी सोपी वाट धरली. आईने लगेच विश्वास ठेवला आणि म्हणाली, “नाशिकला जानेवारीत गारठा असतो गं. स्वेटर ने.” तिने स्वतः विणलेला मरून स्वेटर घडी करून बॅगेत वर ठेवला. ती आत वळताच मी तो काढला आणि दारामागच्या खुंटीला अडकवला. मी वाळवंटात चालले होते. वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सुती कुडते, टोपी, सनस्क्रीन आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एवढ्यावर बॅग भरली.

आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये राहतो. रावल जैसलने ११५६मध्ये आपलं शहर वसवलं हे वाचलं, तेव्हा आमच्या वस्तीच्या नावाशी त्याचं साम्य पाहून मला हा शुभशकुनच वाटला होता. पण याहून मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती मला दिसली नाही. आमच्या इमारतीत निम्मी घरं राजस्थानातल्या लोकांची आहेत. पाली, सिरोही, जालोरकडची माणसं भाईंदरला येऊन पिढ्या झाल्या. शेजारच्या काकी फालन्याजवळच्या गावच्या. त्या दरवर्षी सूर्यनगरी एक्स्प्रेसने माहेरी जातात. त्यांच्याकडचं केर-सांगरीचं लोणचं मी लहानपणापासून खात आले, पण सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी, हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. या सहलीबद्दलही त्यांना विचारलं नाही, कारण त्या आईला सांगतील अशी भीती होती. एका खोट्याने माझी चौकशीची सगळी दारं बंद झाली.

माझं नियोजन झालं ते फोनवर फोटो पाहत. पिवळ्या दगडाचा किल्ला, वाळूच्या लाटा, त्यांवर एकच बाई बसलेली, वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश. तेच मला हवं होतं. शुक्रवारी प्रजासत्ताक दिन, मग शनिवार, रविवार. वहीत मी लिहिलं: ‘तीन दिवस’. अंतर बाराशे किलोमीटरच्या वर आहे हे दिसत होतं, तरी त्या आकड्याचा अर्थ मी लावलाच नाही. भाईंदर ते अंधेरी रोज ये-जा करणाऱ्या बाईला अंतर मिनिटांत मोजायची सवय असते. बांद्र्याहून जैसलमेरला थेट गाडी आहे, पण आठवड्यातून एकदाच. ती माझ्या दिवसांत बसेना. विमानाचं भाडं सुट्टीच्या तोंडावर परवडेना. म्हणून जोधपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस असं ठरवलं. ‘पुढे बस’ हे दोन शब्द लिहिताना मला वाटलं, बोरिवलीहून ठाण्याला जावं तसं काहीतरी असेल.

प्रत्यक्षात ते पाच-सहा तास होते. शुक्रवारी सकाळी जोधपूर, दुपार टळताना जैसलमेर. रविवारी घरी पोचायचं, तर शनिवारी संध्याकाळी जोधपूरहून गाडी, म्हणजे शनिवारी दुपारी जैसलमेर सोडायचं. तीन दिवसांतले माझ्या वाट्याला आले जेमतेम वीस तास, त्यातली रात्र सोडा. हा हिशोब एका कागदावर पाच मिनिटांत झाला असता. मी तो जोधपूरच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून केला.

आणखी एक चूक मी तिकीट काढतानाच केली होती. जायचं तिकीट पक्कं मिळालं, परतीचं वेटिंगवर. मी मनाची समजूत घातली की ऐनवेळी होईल. सुट्टीची शेवटची रात्र, सगळा मारवाड मुंबईकडे परतणार, अशा वेळी ते कसं होईल, हा विचार केला नाही. दुसरी सोयही केली नाही.

शुक्रवारी दुपारी जैसलमेरच्या स्टँडवर उतरले आणि तिथूनच जीप करून थेट समच्या वाळूकडे निघाले. सम शहरापासून चाळीसेक किलोमीटर. वाटेत राष्ट्रीय मरू उद्यानाची पाटी मागे पडली. चालक काहीतरी सांगत होता, गोडावण, गोडावण. मी मान हलवली आणि बाहेरचा फोटो काढला.

तंबूंची जागा मी एकांताच्या आशेने घेतली होती. एकटीसाठी पैसे दोघांचे पडतील, हे तिथे गेल्यावर कळलं. आधी विचारलं असतं तर फोनवरच समजलं असतं. टेकड्यांवर उंटांच्या रांगा होत्या, जीपगाड्या वाळू उडवत होत्या आणि दर दहा पावलांवर एक कुटुंब. संध्याकाळी लाउडस्पीकर सुरू झाले. एका तंबूवस्तीतलं गाणं संपायच्या आत दुसरीकडचं चढायचं. त्या लोकांची यात काही चूक नव्हती, ते सुट्टी साजरी करायला आले होते. लांबच्या सुट्टीत सगळ्यांत गजबजलेल्या जागी जाऊन शांतता शोधणारी मी होते.

निदान तारे तरी दिसतील, म्हणून मी अंधाराची वाट पाहत राहिले. सूर्य बुडाला आणि थोड्याच वेळात पूर्वेकडे चंद्र वर आला, जवळजवळ पूर्ण गोल. त्या प्रकाशात वाळू दुधासारखी दिसत होती. ते दृश्य सुंदर होतं, हे कबूल केलंच पाहिजे. पण आकाशगंगा दिसायची शक्यताच नव्हती. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा झाली होती. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. मी रोज सकाळी त्याच्यासमोर चहा पिते. ताऱ्यांसाठी बाराशे किलोमीटर जाताना त्यावर एकदा नजर टाकायचं मला सुचलं नाही.

आणि मग थंडी. आमच्याकडे खाडीची दमट हवा रात्रीही ऊब धरून ठेवते. तिथे हवा कोरडी, आभाळ निरभ्र, दिवसभर तापलेली वाळू सूर्य गेल्यावर भराभर निवते. नऊपर्यंत माझे दात वाजायला लागले. दोन कुडते एकावर एक घातले, ओढणी डोक्याला गुंडाळली. तंबूतली एक रजई पुरेना. फोनची बॅटरी संपत आली होती आणि चार्जिंगचा बोर्ड चालत नव्हता. तेव्हा, अंगावर रजई घेऊन बसलेली असताना, एक गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली. मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. मला काही झालं असतं, तर आईने नाशिकमध्ये शोध घेतला असता.

मी घाबरले. ‘एकटी’ हा शब्द मला स्वातंत्र्यासारखा वाटत आला होता. त्या तंबूत त्याचा दुसरा अर्थ अंगावर आला आणि तो मीच घडवून आणला होता. एकटीने जाणं आणि कुणालाही न सांगता जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी मी एकच करून टाकल्या होत्या.

बाहेर आले. स्वयंपाकाच्या तंबूत चूल अजून धगधगत होती. तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने काही न विचारता पाट सरकवला, चहा दिला आणि बाजरीचा सोगरा तुपात बुडवून पुढे केला. “सियाळो है, बाई,” एवढंच म्हणाला. सियाळो म्हणजे हिवाळा. ‘सियाळो’, ‘उनाळो’, आपलाच ळ. हा शब्द काकींच्या तोंडून मी शंभरदा ऐकला होता.

सकाळी मी अंग शेकायला गरम पाण्याच्या दोन बादल्या मागितल्या. मुलगा घेऊन आला. टँकर दोन दिवसांनी येतो, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, तक्रार म्हणून नाही. दुसरी बादली मी परत पाठवली, पण पहिली ओतून झाली होती. याची मला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते. मीरा-भाईंदरमध्ये वाढलेल्या माणसाला टँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नळाला पाणी किती मिनिटं येणार, या चिंतेत आमच्या आयांची अर्धी आयुष्यं गेली. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी ही गत. जैसलमेरला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही भरवसा नाही.

परतल्यावर मी अनुपम मिश्र यांचं ‘राजस्थान की रजत बूंदें’ वाचलं, १९९५चं पुस्तक. जायच्या आधी वाचायला हवं होतं. तिथली माणसं पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचं, वर वाहणारं ते पालर. खोल जमिनीतलं ते पाताळ पाणी, बहुधा खारं. आणि तिसरं रेजाणी. वाळूखाली काही ठिकाणी खडियाचा, म्हणजे जिप्समचा, थर असतो. मुरलेलं पावसाचं पाणी त्या थरामुळे खाली खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, ओल होऊन वाळूत अडकून राहतं. ती ओल थेंबाथेंबाने गोळा व्हावी म्हणून अरुंद, खोल कुंई खणतात. ती खणणाऱ्यांना चेजारो म्हणतात. दिवसभरात दोन-तीन घडे पाणी जमतं. त्या प्रदेशात मी एक बादली पाणी थंडी वाजते म्हणून ओतून टाकलं.

शनिवारी किल्ल्याला माझ्याकडे तीन तास होते. नव्याण्णव बुरुजांचा हा किल्ला २०१३मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, पण ते संग्रहालय नाही, आत हजारो माणसं राहतात. दुधाच्या पिशव्या, शाळेचे गणवेश, दारावर लग्नाच्या तिथीसह रंगवलेला गणपती. जैन मंदिरांचं कोरीवकाम पाहायला एक अख्खा दिवस कमी पडेल, मी वीस मिनिटं दिली. एका दुकानदाराने सांगितलं की किल्ल्याला बाहेरच्या शत्रूपेक्षा आतलं पाणी जास्त छळतं. हा किल्ला कोरड्या हवेसाठी बांधलेला, नळ आले, सांडपाणी पायात मुरलं आणि भिंती खचल्या. अजून ऐकायचं होतं, पण बस सुटणार होती. गडीसर तलाव रिक्षातून पाहिला. पावसाचं पाणी अडवून ज्या तलावावर हे शहर शतकानुशतकं जगलं, त्याच्या पायरीवर मी पाऊलही ठेवलं नाही.

पोखरणजवळ फोनवर संदेश आला. चार्ट लागला होता, माझं तिकीट वेटिंगवरच राहून रद्द झालं होतं. जोधपूर स्टेशनबाहेर संध्याकाळी बॅग घेऊन उभी राहिले आणि जो फोन मी पंधरा दिवस टाळला होता तो लावला. काकींना सगळं सांगितलं. त्या दोन क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बेटा, तू तिथंच उजेडात थांब. माझ्या भावाचा मुलगा पालीत असतो, तो बस बघतो. पण तुझी आई इथं माझ्याजवळच बसली आहे. मी तिला काय सांगू?”

मी म्हणाले, फोन तिला द्या.

आई रागावली नाही. तिने विचारलं, “जेवलीस का?” आणि मग, “स्वेटर दारामागे बघितला मी. कालपासून.”

अर्ध्या तासात जागा मिळाली. भाईंदरकडे येणाऱ्या या बसेस रोज सुटतात, आमच्या इमारतीतली माणसं वर्षानुवर्षं त्यांनीच जातात-येतात. रविवारी दुपारी काशीमीऱ्याच्या नाक्यावर उतरले तेव्हा ताप होता.

दोन दिवस पडून होते. आई डोक्यावर पट्ट्या ठेवायची, काकी मेथीची खिचडी आणायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी माझ्याजवळ बसल्या होत्या आणि मी त्यांना फोटो दाखवत होते. उद्यानाच्या पाटीचा फोटो आला तसा आईने फोन हातात घेतला.

“गोडावण म्हणजे आपला माळढोक ना?” ती म्हणाली. तिचं माहेर सोलापूरचं. “नान्नजच्या माळावर बघितला होता मी, दहा-अकरा वर्षांची असताना. बाबांच्या सायकलवर मागे बसले होते. एवढा उंच, मान ताठ करून चालायचा, जसा शेताचा मालकच. तुला दिसला का?”

मी विचारलंच नव्हतं, हे तिला सांगितलं.

आई बराच वेळ त्या पाटीकडे पाहत राहिली. नान्नजला अभयारण्य झालं तरी आता माळढोक क्वचितच दिसतो, हे तिला ठाऊक आहे. मग तिने स्वेटर माझ्या पायांवर नीट ओढला आणि काकींना विचारलं, जैसलमेरला जायला बरा महिना कोणता, आणि मला विचारलं, सोलापूरची सिद्धेश्वर अजून रात्रीचीच आहे ना?