शब्दांतले गणित

यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही चाळीसगाव सोडून चंदीगडच्या विमानतळाजवळील एयरोसिटी या नव्या वसाहतीत राहावयास आलो. रुंद रस्ते, अर्धवट उभ्या इमारती आणि भोवती पंजाबी-हिंदी बोलणारी माणसे. लग्नानंतर सुटलेले शिक्षण मी मुक्त विद्यालयातून बारावीपर्यंत पूर्ण केले होते. आता पदवीसाठी सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावयाची होती. 2022 मध्ये सुरू झालेली ही परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते, हे कळले तेव्हा धीर आला.

तो धीर शाब्दिक उदाहरणांपाशी संपला. आकडेमोड मला येत असे. किराण्याचा हिशेब मी तोंडीच करी. पण वाक्यांत गुंफलेले आकडे दिसले की मन गोंधळे. शाळेत फळ्यापुढे उभे राहून झालेली फजिती आठवे आणि वाटे, या वयात हे जमायचे नाही.

एके सकाळी उदाहरण होते : 8 मजूर एक काम 15 दिवसांत करतात, तर तेच काम 12 मजूर किती दिवसांत करतील? मी घाईने गुणाकार-भागाकार केला. उत्तर आले साडेबावीस दिवस. सहज खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीवर स्लॅब टाकण्याचे काम चालले होते. एरवी तिथे थोडेच मजूर असत. त्या दिवशी काम लवकर उरकावे म्हणून पुष्कळ माणसे लावली होती. मी स्वतःशीच हसले. माणसे वाढली तर दिवस कमी व्हावयास हवेत! एका माणसाला ते काम करावयास 8 गुणिले 15, म्हणजे 120 दिवस लागतील. 12 जणांना 10 दिवस.

माझी चूक गणितात नव्हती, वाचण्यात होती. तेव्हापासून मी प्रत्येक उदाहरण दोनदा वाचू लागले. ‘तिप्पट’ आणि ‘तीनने अधिक’ यांत केवढे अंतर आहे! 6 ची तिप्पट 18, तर 6 पेक्षा तीनने अधिक म्हणजे 9. काय दिले आहे, काय विचारले आहे, हे आधी माझ्या शब्दांत लिहावयाचे, चित्र काढावयाचे, मगच आकड्यांना हात लावावयाचा.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद करणारा शिलालेख आहे. लहानपणी तेथे आम्ही सहलीला जात असू. 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त त्यांनी वाऱ्याने मोडलेला 32 हातांचा वेळू उभा केला आहे. त्याचे टोक बुंध्यापासून 16 हातांवर टेकते. तर तो किती उंचीवर मोडला? चित्र काढून मी ते सोडवले. 12 हात! एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही आकड्यांआधी गोष्ट सांगावीशी वाटली, हे पाहून माझी भीती ओसरली.

परीक्षेच्या दिवशी पहिलेच शाब्दिक उदाहरण समोर आले. हात थरथरत होते. मी डोळे मिटले, ते उदाहरण पुन्हा एकदा सावकाश वाचले आणि कच्च्या कागदावर आधी चित्र काढले.